बोंडल्यापासून पुढे: प्राणिसंग्रहालय आणि वन्यजीव संवर्धनातल्या करिअरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की फोंडा, डिचोली, वाळपई, काणकोणहून विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्यापेक्षाही जास्त पालकांचे प्रश्न येऊ लागतात. ‘मुलाला प्राण्यांची आवड आहे, पुढे काय?’ इथपासून ‘संचालक व्हायला काय करावं लागतं?’ इथपर्यंत. आधी राज्याबाहेरच्या प्राणिसंग्रहालयांत जीवशास्त्रज्ञ म्हणून आणि नंतर गोव्यात परतून जंगलालगतच्या गावांत काम करताना जे शिकले, त्याच्या आधारे ही उत्तरं लिहिते आहे. या क्षेत्रात वरच्या खुर्चीवर बसणाऱ्याची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते: सकाळी पिंजऱ्यामागच्या बोळात आणि संध्याकाळी गावच्या बैठकीत. पदव्या आणि परीक्षा या दोन्ही जागी पोचण्यासाठी आहेत, हे धरून पुढचं वाचा.

प्राणिसंग्रहालयाचा प्रमुख दिवसभर नेमकं करतो काय?

दिवस फेरीने सुरू होतो. समजा, बिबट्याची रात्रीची खोली आहे. आत जाण्याआधी जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवायचे. काल संध्याकाळी किती मांस टाकलं आणि सकाळी किती उरलं, हे कीपरने (प्राण्यांची रोजची निगा राखणाऱ्याने) वजन करून वहीत लिहिलेलं असतं. विष्ठा पाहायची: घट्ट आहे की पातळ, रक्त आहे का, जंत आहेत का. बिबट्या माणसाची चाहूल लागताच उठला की कोपऱ्यातच बसून राहिला? चालताना मागचा एखादा पाय उचलून धरतो आहे का? मग मधलं सरकतं दार पाडायचं, कुलूप लावायचं, लावलेलं कुलूप हाताने ओढून पाहायचं, आणि बिबट्या पलीकडे आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावरच कीपर झाडू घेऊन आत जातो. चांगला प्रमुख ही सगळी साखळी ओळखतो. वहीत ‘खाल्लं नाही’ असं सलग दुसऱ्या दिवशी दिसलं, तर त्या दिवशीची बैठक पुढे ढकलून तो डॉक्टरला घेऊन पिंजऱ्याकडे जातो. (बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातला एक दिवस उपास असतो, म्हणून ‘न खाण्या’चा अर्थ लावतानाही कालचा वार माहीत लागतो.)

त्यानंतर कार्यालय. मांस, चारा, फळं यांचे ठेके, औषधांचा साठा, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि लसीकरण, तिकीट खिडकी, शाळांच्या सहली, स्वच्छतागृहं. आणि कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीतून १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आलं. त्याच्या मान्यतेशिवाय देशात कुठलंही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पिंजऱ्याचा आकार, रात्रीच्या खोल्या, विलगीकरणाची जागा, मेलेल्या प्राण्याचं शवविच्छेदन, दरवर्षी द्यायची प्राण्यांची यादी, सगळ्याचे नियम आहेत. संरक्षित प्राण्याची दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाशी देवाणघेवाण करायची तरी प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रमुखाचा निम्मा वेळ अशा कागदांत जातो. तो वाया जातो असं मला वाटत नाही, कारण विलगीकरणाच्या खोलीसाठी पैसे मंजूर करून घेणारी टिपणीसुद्धा प्राण्याचा जीव वाचवते.

गोव्यात प्राणिसंग्रहालय एकच. मग इथल्या मुलांना संधी कुठून मिळणार?

एकच आहे, खरं. बोंडला अभयारण्य अवघं आठ चौरस किलोमीटरचं, त्यात वनखात्याच्या अखत्यारीतलं हे छोटं प्राणिसंग्रहालय. निव्वळ प्राणिसंग्रहालयातच करिअर करायचं ठरवलं तर राज्याबाहेर जायची तयारी ठेवा. म्हैसूरचं १८९२ पासूनचं, मुंबईची राणीची बाग त्याहूनही जुनी, पुण्यात कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, मंगळूरजवळ पिलिकुळा. ही सगळी गोव्यातून रात्रीच्या गाडीने गाठता येतात, आणि सुरुवातीची काही वर्षं मोठ्या ठिकाणी शिकणं हितावहच आहे.

पण आता नकाशा जरा मोठा करून बघा. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी २११, भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४०, खोतीगाव ८६. चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा राज्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीचा सलग पट्टा संरक्षित आहे. आणि बोंडला चालवणारं खातं तेच हे जंगलही सांभाळतं. त्यामुळे गोव्यात प्राणिसंग्रहालय आणि जंगल ही दोन वेगळी करिअर नाहीत. आज बोंडल्यात असलेला अधिकारी उद्या वाळपईला किंवा काणकोणला असू शकतो.

बारावी सायन्सनंतर कोणकोणते मार्ग आहेत?

मुख्य मार्ग तीन: प्रशासन, पशुवैद्यक आणि जीवशास्त्र.

आपल्याकडे सरकारी प्राणिसंग्रहालयांचे संचालक बहुतेक वेळा भारतीय वनसेवेतून येतात, त्यामुळे ‘संचालकच व्हायचं’ असं ज्याच्या मनात आहे त्याने हा रस्ता आधी समजून घ्यावा. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. पूर्व परीक्षा नागरी सेवांबरोबर एकत्र होते, मुख्य परीक्षा वेगळी. पदवी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक विषय घेऊन केलेली हवी. कृषी, वनशास्त्र आणि अभियांत्रिकीचे पदवीधरही चालतात. म्हणजे इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाचं दार बंद होत नाही. वय २१ ते ३२, राखीव गटांना सवलत. मुख्य परीक्षा १४०० गुणांची, मुलाखत ३००. शिवाय चालण्याची चाचणी: चार तासांत पुरुषांना २५ किलोमीटर, महिलांना १४. निवड झाल्यावर डेहराडूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत प्रशिक्षण. गोवा ज्या केडरमध्ये (अधिकाऱ्यांच्या नेमणुकीच्या राज्यगटात) येतो त्यात अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशही आहेत, त्यामुळे गोव्याचा मुलगा गोव्यातच राहील याची खात्री नाही. पालकांनी हे आधीच मनाशी धरावं.

वनसेवा मिळणं कठीण आहे. दरवर्षी जागा मोजक्याच असतात. म्हणून फक्त तिच्यावर सगळं लावून चार-पाच वर्षं खोलीत कोंडून घेणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते. सोबत राज्य पातळीवरच्या भरतीवरही लक्ष ठेवा: गोवा लोकसेवा आयोग आणि गोवा कर्मचारी निवड आयोग, दोन्हींची संकेतस्थळं नियमित बघत जा.

माझ्या मुलीला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. गोव्यातून कसं जमेल?

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. देशभरातल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत नीटच्या गुणांवर भरतात, तेव्हा नीट द्यायचीच. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. गोव्याला त्याहून जवळचं म्हणजे सातारा जिल्ह्यातलं शिरवळ. गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपुस्तिकेत राज्याबाहेरच्या जागांचा भाग वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

एक गोष्ट मुलीशी मोकळेपणाने बोलून घ्या. या पदवीत गाई-म्हशी, कोंबड्या, डुकरं यांचंच शिक्षण जास्त असतं. वन्यप्राण्यांचं काम पुढे, पदव्युत्तर शिक्षणात किंवा एखाद्या अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली शिकायचं असतं. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत वन्यजीवांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. पण गुरांवर बसलेला हात पुढे उपयोगी पडतोच. गव्याच्या पोटाची रचना समजते ती म्हशीवरूनच. बेशुद्धीच्या औषधाचा डोस ठरवताना लांबून वजनाचा अंदाज घ्यावा लागतो, आणि तो अंदाज गोठ्यात तयार होतो.

बी.एस्सी. प्राणिशास्त्र करून काय होतं? सगळे शिक्षकच होतात ना?

शिक्षक होणं वाईट नाही, गोव्यात वन्यजीवांची आवड लागलेल्या कितीतरी मुलांना ती शिक्षकांनीच लावली आहे. पण मार्ग तेवढाच नाही. प्राणिसंग्रहालयात जीवशास्त्रज्ञ, शिक्षण अधिकारी, क्युरेटर ही पदं असतात. मडगावचं चौगुले, मिरामारचं धेंपे यांसारख्या महाविद्यालयांतून पदवी आणि ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करता येतं. पूर्णपणे वन्यजीवशास्त्राकडे वळायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२) आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथले एम.एस्सी. अभ्यासक्रम देशात नावाजलेले आहेत. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आणि मुलाखत कसून होते. तिथे गुणांइतकंच तुम्ही स्वतःहून काय पाहिलं, काय नोंदवलं हे विचारतात. वनशास्त्राची पदवी हवी असेल तर दापोली आणि शिरसी, दोन्ही हाकेच्या अंतरावर.

पदवी नाही, इंग्रजी बेताचं. तरी या क्षेत्रात जागा आहे का?

आहे, आणि या जागेशिवाय बाकी सगळं कोसळतं. वनरक्षक आणि कीपर ही दोन माणसं प्राण्याच्या सगळ्यात जवळ असतात. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या डोंगरांना आगी लागल्या तेव्हा झाडाच्या हिरव्या फांद्या घेऊन चढावर आधी पोचले ते वनरक्षक आणि गावातली पोरंच. सत्तरीत, सांग्यात वाढलेल्या मुलाला कुठल्या ओहोळाला एप्रिलमध्ये पाणी असतं, गवे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) कुठल्या बाजूने शिरतात, हे शिकवावं लागत नाही. ते ज्ञान शहरातून आलेल्या एम.एस्सी.वाल्याला वर्षानुवर्षं लागतात मिळवायला.

भरतीच्या जाहिरातीतल्या अटी नीट वाचा. गोव्यात सरकारी नोकरीला साधारणपणे मामलेदार कार्यालयाचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, आणि कोकणी येणं आवश्यक, मराठी येत असल्यास अधिक चांगलं, अशी अट असते. दाखला ऐनवेळी मिळत नाही, तो आधी काढून ठेवा.

प्राण्यांना पिंजऱ्यात ठेवणं हेच मुळात चूक नाही का?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला नेहमी आवडतो. ज्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही त्याच्या हाती प्राणिसंग्रहालय देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

नुसतं दाखवण्यासाठी प्राणी ठेवणं मला मान्य नाही. पण बंदिवासात जपल्यामुळेच काही प्रजातींना आशा उरली, हेही तितकंच खरं आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, ती मेलेली गुरं खाऊन, गिधाडं झपाट्याने संपत गेली. २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं, पण तोवर रानात उरलेली संख्या इतकी घसरली होती की हरियाणात पिंजोरला २००१ पासून सुरू असलेलं केंद्र आणि तिथलं प्रजनन हाच मोठा आधार ठरला. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाने वाढवलेले लाल पांडा २००३ साली सिंगालिलाच्या जंगलात सोडले गेले. आपल्याजवळचं पिलिकुळा नागराजाच्या प्रजननासाठी ओळखलं जातं. ही कामं करायला जागा लागते, वंशावळीच्या नोंदी लागतात, आणि फार मोठा धीर लागतो.

दुसरा भाग सुटका केलेल्या प्राण्यांचा. गोव्यात रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबटे अडकतात. कमरेत रुतलेली तार कापून काढल्यावरही काहींच्या मागच्या पायांत जोर येत नाही. असा बिबट्या रानात सोडला तर उपाशी मरेल किंवा गोठ्यांकडे वळेल. त्याला आयुष्यभर सांभाळणं हे समाजाचं देणं आहे, कारण फास माणसानेच लावला.

परदेशी प्राणी आणले की गर्दी वाढते. पण गोव्याने त्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे गवा आहे, शेकरू आहे, खवले मांजर आहे, चापडा साप आहे, मगर आहे. मुरगावच्या किंवा म्हापशाच्या मुलाने यांतला एकही प्राणी धड पाहिलेला नसतो. सह्याद्रीतल्याच प्राण्यांवर बेतलेलं, नीट समजावून सांगणारं छोटं प्राणिसंग्रहालय देशाला उदाहरण ठरू शकेल. (खवले मांजर बंदिवासात टिकवणं फार अवघड, मुंग्या-वाळवी खाणाऱ्या प्राण्याला पर्यायी अन्न पचवायला लावणं हाच वेगळा अभ्यास आहे. कुणी तरुण डॉक्टर यात शिरणार असेल तर मला खूप आनंद होईल.)

गावकऱ्यांशी काम करण्याचा इतका आग्रह का धरता?

कारण वाघ गोळावलीत मेले. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे, असे चार वाघ काही दिवसांच्या अंतराने मृत सापडले. विषबाधेचा संशय, वाघाने मागे मारलेल्या गुराचा राग, गावातल्या काहींना अटक. गोव्यातल्या प्रत्येक वन्यजीवप्रेमीला ते दिवस आठवतात. राग सगळ्यांनाच आला. पण दुभती म्हैस गेलेल्या घरात भरपाई केव्हा पोचते, पंचनाम्याला कोण येतं, किती कागद मागतं, याचा विचार त्या रागात फार थोड्यांनी केला.

याच सत्तरीत वाघाचं दैवत मानून ‘वाघ्रो’ची पूजा होते. बांबरला निरंकाराच्या राईतली जायफळाच्या जातीची दलदलीतली झाडं देवाच्या नावावर आजवर उभी आहेत. फोंडा तालुक्यात बोरी-दुर्भाटकडे मातीचा मानगे, म्हणजे मगर, थापून पूजतात. माणसं प्राण्यांची वैरी नाहीत. त्यांना भीती आहे ती बागायतीची, गुरांची आणि घरातून उठवलं जाण्याची. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि वाड्यावाड्यांवर ‘आम्हाला हलवणार काय?’ हा एकच प्रश्न सुरू झाला. व्याघ्र प्रकल्प व्हावा असं मला वाटतं. आणि तो त्या वाड्यांशी समोरासमोर बसून, जमिनीच्या हक्कांचं उत्तर देऊनच टिकेल, असंही वाटतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सिंधुदुर्गातून ‘ओंकार’ नावाचा तरुण हत्ती पेडण्यात उतरला तेव्हा हेच पुन्हा दिसलं. भातशेती आणि केळी तुडवली जात असताना शेतकऱ्याला हत्तीच्या भ्रमणमार्गावर व्याख्यान नको असतं. रात्री फोन उचलणारा, सकाळी बांधावर येऊन उभा राहणारा अधिकारी हवा असतो. प्रमुख होऊ पाहणाऱ्यांनी हे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमाइतकंच गंभीरपणे शिकावं. ऐकून घ्यायचं, खोटं आश्वासन द्यायचं नाही, आणि दिलेला शब्द तारखेसकट पाळायचा.

कामात धोका किती?

आहे. बहुतेक अपघात न तपासलेल्या कुलपामुळे आणि घाईमुळे होतात, म्हणून वर त्या कुलपाबद्दल एवढं लिहिलं. आजारांकडे लोक कमी लक्ष देतात. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप २०१५ पासून सत्तरीत, पाळी गावापासून दिसू लागला. काजूच्या हंगामात बागायतीत, रानात वावरताना गोचीड चावतात आणि त्यातून तो होतो. रानात माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. लांब बाह्या, पायमोजे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंगावर गोचीड शोधणं, हे कामाचाच भाग समजा.

पगार?

वनसेवेत सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, वर भत्ते. सरकारी पशुवैद्य आणि वनखात्यातल्या कायम नोकऱ्यांत आयुष्य नीट चालतं. संशोधन प्रकल्प आणि संस्थांमधली कंत्राटी कामं मात्र कमी पैशांची आणि दोन-तीन वर्षांनी संपणारी असतात. घरावर कर्ज असेल तर हे आधी मोजा.

मुलींना जमतं का?

जमतं. आज वनरक्षकापासून संचालकापर्यंत बायका काम करत आहेत. पालकांनी मुलीला विचारण्यापेक्षा नोकरी देणाऱ्याला विचारावं: तपासणी नाक्यावर स्वच्छतागृह आहे का, रात्रपाळीला दोघी असतात का, गाडी मिळते का.

मी साप पकडतो. व्हिडिओही टाकतो. याचा पुढे उपयोग होईल?

व्हिडिओ बंद करा. कायद्याच्या व्याख्येत वन्यप्राणी पकडणं हेही शिकारीतच येतं. परवानगीशिवाय साप धरला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. शिवाय नागाला फणा काढायला लावून कॅमेऱ्यासमोर खेळवणं म्हणजे त्याचा छळ आहे. हातात कसब असेल तर वनखात्याकडे जा, परवानगी घ्या, अनुभवी माणसाबरोबर काम करा आणि प्रत्येक सापाची नोंद ठेवा: जात, जागा, वेळ, घरात काय खायला आला होता, कुठे सोडला. अशी पाच वर्षांची वही मुलाखतीत ठेवली तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो.

समुद्राची आवड आहे, जंगलाची नाही.

मग गोव्यापेक्षा बरी जागा कोणती? मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटी राखायला स्थानिकांची मदत लागते. किनाऱ्यावर जखमी कासव किंवा डॉल्फिन सापडला की जीवरक्षक आणि वनखातं यांना कळवलं जातं. या कामात प्रशिक्षित पशुवैद्य देशभरात फार थोडे आहेत.

आजपासून काय सुरू करू?

बोंडल्याला जा, पण सहलीसारखं सगळं बघत फिरू नका. एकाच पिंजऱ्यासमोर दोन तास बसा. दर पाच मिनिटांनी प्राणी काय करतो ते वहीत लिहा: झोपला, चालला, खाल्लं, जाळीला अंग घासलं, एकाच वाटेवर येरझाऱ्या घातल्या. शेजारी प्रेक्षक किती होते, आवाज किती होता, तेही लिहा. हीच वही दुपारी आणि सकाळी वेगवेगळ्या वेळांना भरा, म्हणजे गर्दीचा प्राण्यावर काय परिणाम होतो ते तुम्हाला स्वतःला दिसेल. प्राणिसंग्रहालयातले जीवशास्त्रज्ञ असंच काम करतात. प्राण्यांना काही खायला देऊ नका, डिवचू नका. कायद्याने तो गुन्हा आहे आणि दुसरा कुणी करत असेल तर त्यालाही सांगा. कीपर मोकळा असेल तेव्हा नमस्कार करून एखादा प्रश्न विचारा, त्याचं काम अडवू नका. वही घेऊन जाताना एवढं लक्षात ठेवा की बोंडला गुरुवारी बंद असतं.